मामांची उतरंड

अकोल्यात नळाचं पाणी सगळेच पितात. पण त्याला आधी वळण लावून मगच घरात घेणारा माणूस एकच, माझे मामा. नळ कधी येणार याचं टाचण मी फ्रिजवर लावून ठेवते आणि स्वतःला व्यवस्थित समजते. मामांच्या तयारीपुढे ते काहीच नाही. मागच्या अंगणात त्यांची तीन माठांची उतरंड आहे: वर कोळसा, मध्ये धुतलेली रेती, खाली गाळलेलं पाणी. त्याआधी तुरटी फिरवायची, शेवग्याच्या बिया कुटून टाकायच्या, शिवाय वर धोतराचं चौपदरी फडकं. दुसऱ्यांच्या पाण्यावर त्यांचा विश्वास नाही. अंजनगावला एका लग्नात त्यांनी पाण्याच्या जारमध्ये बॅटरी मारून इतका वेळ पाहिलं, की मुलीकडच्यांना वाटलं, कुणाची अंगठी पडली. दोघे जण बाह्या सारून शोधायलाही लागले. मग ते पाणी कुणीच प्यायलं नाही.

हा सारा खटाटोप मामीसाठी. मामी अमरावतीची. लग्न होऊन आली आणि इथल्या पहिल्याच घोटाला तिने तोंड वाकडं केलं. तेव्हापासून मामा रोज सकाळी तिच्यापुढे फुलपात्र धरत.

"अवं, घे. आज पाह्य कसं लागते."

मामी घोट तोंडात घोळवून म्हणे, "बरं हाय. पण आमच्या अमरावतीचं नाई."

"तुमच्या अमरावतीत साखर टाकतेत का?"

"साखर तं तुमीच टाकली होती मांगं. मले समजलं नसन का?"

गेल्या वर्षी मामीने अंथरूण धरलं. जेवण सुटलं. एकदा म्हणाली, "माहेरचं पानी पेयाचं हाय." मामा तडक एसटीने अमरावतीला गेले आणि तिच्या भावाच्या घरून कॅन भरून मांडीवर घेऊन आले. आले, हात धुतले, आणि जन्माच्या सवयीने कॅन थेट वरच्या माठात रिकामी केली. मी मामीची चादर बदलत होते. बाहेर येऊन पाहते तर पाणी खालच्या माठात टपटपत होतं.

मामीने घोट घेतला, घोळवला. "बरं हाय," ती म्हणाली. "पण आमच्या अमरावतीचं नाई."

मामा रिकाम्या कॅनकडे बघत राहिले. "रविवारी आनखी आनतो," म्हणाले. मामी रविवारपर्यंत राहिली नाही.

"गाळलं काहून म्या?" असं ते पुढे कितीतरी दिवस मला विचारत. मी चहा टाकायला उठे.

आता फुलपात्र माझ्यापुढे येतं. मी वरून दोन घोट घेते. "कसं लागते?"

"छान आहे, मामा."

त्यांचा चेहरा उतरतो. "तुले पान्यातलं काई समजत नाई," म्हणतात, आणि उरलेलं पाणी पुन्हा वरच्या माठात ओततात.