पान सातवरची ओळ

वत्सलाबाई गेल्याची बातमी मला शाळेत कळली. सहामाही परीक्षा चालू होती आणि मी नववीच्या वर्गावर उभा होतो. लकडगंजात बाईंच्या घरापुढं लाकूड चिरायची आरा मशीन होती, तिचा मुनीम सायकल मारत आला आणि खिडकीतूनच हात हलवून त्यानं मला बाहेर बोलावलं. बाई गेल्या म्हणाला, सकाळी चहाचं आधण ठेवलं होतं, तशाच खुर्चीत... माणूस गेल्यावर रडू यावं. माझं तसं झालं नाही. मला भीती वाटली. व्हरांड्याचा खांब धरून मी उभा राहिलो आणि पहिला विचार आला तो हा, की ती गोष्ट ठाऊक असलेला आता मी एकटाच उरलो. त्यांना जाऊन महिना होत आला. दोनदा कागद घेऊन बसलो, दोन्ही वेळा नुसते त्यांचे गुण लिहिले आणि फाडून टाकले. ती गोष्ट वगळून बाईंवर लिहायचं म्हणजे खोटं लिहायचं.

बाई ढिवराच्या घरच्या. वडील वैनगंगेत जाळं टाकून मासे धरायचे. बाई नर्सिंग शिकल्या, नोकरीसाठी थेट रंगूनला गेल्या आणि युद्धात रंगून पडलं तेव्हा माणसांच्या लोंढ्याबरोबर डोंगर तुडवत परत आल्या. पुढं निवृत्त होईपर्यंत नागपुरात नर्सच होत्या. मासे-मटण त्यांनी रंगूनलाच सोडलं होतं, एका बर्मी मैत्रिणीच्या संगतीनं. त्यात सोवळं-ओवळं काही नव्हतं. वॉर्डात इतकी वर्षं मी माणसाची पोटं पाहिली आहेत, एवढंच त्या म्हणत. पुढं पुढं त्या रानाबद्दलही बोलू लागल्या. जेवढं रान एका घराच्या मटणासाठी उजाड होतं तेवढ्यात सारं गाव डाळ-भाकरीवर जगेल, असा त्यांचा हिशोब होता. पर्यावरण हा शब्द तेव्हा आमच्या शाळेच्या पुस्तकातसुद्धा नव्हता. रंगूनच्या काळातल्या नर्सा पांगून कुणी कोलंबोला, कुणी काठमांडूला, कुणी बँकॉकला स्थिरावल्या होत्या. त्यांच्याशी बाईंचा पत्रव्यवहार चाले. ना संस्था ना समिती, एक लोखंडी कपाट आणि एक रबरी शिक्का, 'शाकाहार मित्र, आशिया'. लोक हसत. मासोळी बाजारातली त्यांच्या नात्यातली एक बाई एकदा माझ्यासमोर म्हणाली, "ढिवराची पोर अन् मासोळी खात नाई. तुह्या बापानं तुले उपाशी मारलं काय वं?" बाई म्हणाल्या, "मारलं असतं तं बरं होतं, तुह्याशी बोला लागलं नसतं." आणि मग दोघी तिथंच बसून तासभर बोलत राहिल्या. झाडं वाचवा म्हणता आणि राहता आरा मशीनच्या मागे, असं मीही त्यांना चिडवायचो. म्हणूनच मला ती रोज ऐकू येतात, असं त्यांचं उत्तर असे.

मी उमरेडचा. घरात माग, वडील धोतरं विणायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. बी.एस्सी. झालो तेव्हा वडिलांनी माझं प्रमाणपत्र काच लावून भिंतीवर टांगलं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते तिथं उभं करून दाखवत. मला त्याचा अभिमान होता, आजही आहे. नागपुरात शाळेत लागलो, लकडगंजात खोली घेतली आणि शेजारच्या बाईंच्या पत्रांचं इंग्रजी नीट करून देऊ लागलो. त्यातूनच पुस्तिकेचं ठरलं. सोळा पानांची, साधी. मटण-मासे सोडले तर ताटात काय असावं, एवढंच सांगणारी. मजकूर बाईंचा, भाषा माझी. आधी मराठी, मग मीच केलेली इंग्रजी, आणि त्यावरून बाईंच्या मैत्रिणी आपापल्या भाषेत करून घेणार.

पान सातवर बाईंनी लिहिलं होतं, 'रोज वाटीभर तूर, मूग किंवा हरभऱ्याची डाळ'. ते वाचून माझं डोकं सणकलं. आमच्या घरी तूर सणाला शिजायची. एरवी लाखोळी. धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, धान निघायच्या आधीच नुसतं बी फेकून पेरायची, न पाण्याची न खताची, कशीही येणारी ती स्वस्तातली डाळ. आमच्याकडच्या गरिबाची सगळी पोटं तिच्यावरच भरत होती. मी बाईंना म्हणालो, "हे शेठलोकाचं ताट झालं बाई. गरिबाले कुठची तूर? कोणतीही डाळ चालेल, असं लिहा. मी लाखोळीवरच बी.एस्सी. झालो."

बाईंनी ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "त्या डाळीचं काहीतरी आयकलं हाय गा मी. पाय जातात म्हणतात."

मी उठून उभा राहिलो आणि खोलीत दोन फेऱ्या मारून दाखवल्या. "हे पाहा माहे पाय."

त्या हसल्या. नर्स होत्या, शंका त्यांना होती. पण समोर शिकलेला, त्याच मातीतला पोरगा आपल्या घरचं सांगत होता. त्यांनी त्यांची ओळ खोडली आणि पेन माझ्या हातात दिलं. 'कोणतीही डाळ चालेल, स्वस्तातली असली तरी' ही ओळ मी लिहिली. माझं शास्त्र रसायनाचं होतं. कॉलेजचं वाचनालय सायकलवर पंधरा मिनिटांवर होतं. मी गेलो नाही. घरी ती डाळ भाताबरोबर, भाजीबरोबर, कधी दुसऱ्या डाळीत मिसळून खायचो म्हणून माझे पाय शाबूत होते. पण महिनोन् महिने तीच आणि तेवढीच खाल्ली तर ती माणसाच्या पायांतला जीव काढून घेते, हे मला फार उशिरा कळलं.

उमरेडच्या पलीकडं एक खेडं होतं, तिथं आम्ही महिन्याच्या महिन्याला एस.टी.नं जायचो. तिथला किसन बाईंचा पहिला चेला. तिशीचा, मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या शेतावर कामाला, अंगानं तगडा. त्याला वाचता येत नव्हतं. पुस्तिका त्याची बायको गिरजा वाचून दाखवायची, ती चौथीपर्यंत शिकलेली. किसननं कोंबड्या विकल्या, तळ्यावर गळ घेऊन जाणं सोडलं. सोबतचे त्याला भगत म्हणून डिवचायचे. तो म्हणायचा, भगत नाही, बाईचा पेशंट आहे.

मग ते दुष्काळाचं साल आलं. धान गेलं, भाजीपाला गेला. मालगुजारानं मजुरीत लाखोळीच घातली. आमचं जाणं तीन-चार महिने तुटलं होतं. फाल्गुनात गेलो तर पारावरून कुणीतरी काठी टेकत आमच्याकडं येताना दिसलं. टाचा जमिनीला लागत नव्हत्या. चवड्यांवर, गुडघ्यात गुडघा अडकवत, कैचीसारखे पाय टाकत ते माणूस येत होतं. जवळ येईपर्यंत मी त्याला म्हाताराच समजलो. तो किसन होता. "बाई, पाय झोपून राह्यले माहे," तो हसत म्हणाला, "उठवा जरा."

बाई तिथंच धुळीत खाली बसल्या. त्याच्या पोटऱ्या दाबून पाहिल्या, गुडघा वाकवून पाहिला. काय खात होता ते विचारलं. उत्तर गिरजानं दिलं. तुमच्या पुस्तकात लिहून आहे तेच, ती म्हणाली, कोणतीही डाळ, म्हणून घुगऱ्याही तिच्याच, भाकरही तिच्याच पिठाची. ती काही भांडायला उभी नव्हती, विचारलं त्याचं उत्तर देत होती. ती ओळ माझी आहे, एवढंच म्हणायचं होतं. मी माझ्या पायांकडं पाहत उभा राहिलो. बाई उठल्या, लुगड्याची धूळ झटकली आणि म्हणाल्या, "चूक माही हाय किसन. ते मी लिवलं."

परतताना बसमध्ये त्या खिडकीकडं तोंड करून बसल्या होत्या. मी म्हणालो, बाई, तुम्ही असं काहून म्हटलं? त्या म्हणाल्या, "तू अजून कायम झाला नाई. शाळेत समजलं तं काढतील. मले कोण काढते?" मला बरं वाटलं. तेरा वर्षांनी लिहितानाही हे लिहायला हात अडतो, पण मला बरं वाटलं. पुढं किसनला नागपूरला आणून डॉक्टरांना दाखवलं. डाळ बंद केली तर याहून वाढणार नाही, पण गेलं ते परत यायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. मी हळूच विचारलं, पुस्तिका वाचली नसती तरी मजुरीत हीच डाळ मिळत होती, तेव्हा त्यानं हीच खाल्ली असती ना? डॉक्टर म्हणाले, असेलही, आपण कसं सांगणार. त्या 'असेलही'ला मी फार दिवस धरून होतो.

खरी भीती पुढंच होती. पुस्तिका परदेशी गेली होती. कपाटातली वही काढून बाईंनी पत्ते माझ्यापुढं ठेवले. काठमांडू, कोलंबो, रंगून, बँकॉक. ही डाळ इथलीच नव्हती. नेपाळच्या तराईत, बंगालच्या पलीकडं तिला खेसारी म्हणत आणि तिथंही गरीबच ती खात. आम्हाला कधी दिसणार नाही अशा कुठल्यातरी गावात, माझी ओळ कुणाची गिरजा वाचून दाखवत असेल... मला चालणाऱ्या माणसांकडं पाहवेना. रस्त्यात कुणी लंगडलं तरी मी गल्ली बदलायचो. आम्ही पत्रं लिहिली, अक्षर माझं, सही बाईंची. पान सातवरची ओळ खोडा, खाली दिलेल्या डाळीचं चित्र सर्वांना दाखवा, चूक माझी आहे. 'आमची' लिहू का, असं मी एकदा विचारलं. त्यांनी मान हलवली आणि मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. काठमांडूहून उत्तर आलं, ओळ खोडली, बरं झालं वेळेवर कळवलं. कोलंबोहून आलं, बँकॉकहून आलं. रंगूनहून, त्या बर्मी मैत्रिणीकडून, आलं नाही. दरवर्षी बाई तिथं एक पत्र टाकत राहिल्या. पोस्टमनची सायकल गल्लीत वळली की आम्ही दोघं बोलायचं थांबायचो. पत्र आलं तर काय असेल त्यात, ही भीती. नाही आलं तर काय झालं असेल तिथं, ही त्याहून मोठी.

गावोगाव बोभाटा झालाच. पाय मोडणारी बाई म्हणून लोकांनी त्यांना सभेतून उठवलं. हे सगळं सोडून द्या, असं मी म्हणालो, तेव्हा त्या माझ्यावर पहिल्यांदा ओरडल्या. डाळ-भाजीवर जगा हे सांगणं चुकलं नाही, अर्धवट सांगणं चुकलं, आणि अर्धं सांगून पळालो तर तो दुसरा गुन्हा होईल, असं त्यांचं म्हणणं. मग त्या पदराच्या गाठीत दाणे बांधून फिरू लागल्या. लाखोळीचा दाणा चपटा, पाचरीसारखा कोपरे असलेला. तो तुरीत मिसळलेला कसा ओळखायचा, हे बायांच्या तळहातावर ठेवून शिकवायच्या. साठी गाठली तरी फिरत होत्या. किसनकडं तर महिन्यातला दुसरा रविवार ठरलेला. मी उमरेडपर्यंत सोबत जायचो. पुढं मात्र मी गेलो नाही. आईला भेटायचं आहे, असं सांगून उमरेडलाच उतरायचो. बाईंनी एकदाही चल म्हटलं नाही.

मरणाच्या दोन महिने आधी त्यांना दम लागत होता, तेव्हा मी विषय काढला. आता मी कायम आहे, उद्या हेडमास्तर होईन, आता किसनला सांगू का? बाईंनी डोळे मिटूनच उत्तर दिलं, "सांगाचं असन तं मले इचारू नको गा."

त्या गेल्यावर तेराव्या दिवशी मी त्या गावाला गेलो. किसन ओट्यावर दोऱ्या वळत बसला होता. बाई गेल्याचं त्याला आधीच कळलं होतं. मी चप्पलही न काढता उभ्यानंच सांगून टाकलं. ती ओळ बाईंची नव्हती, माझी होती, बाईंनी तुरीचं लिहिलं होतं, मी खोडायला लावलं. त्यानं दोरी खाली ठेवली. तो उठून मारेल, असं मला वाटलं, आणि मग आठवलं की त्याला काठीशिवाय उठता येत नाही. त्या आठवणीनं मी जेवढा भ्यालो तेवढा जन्मात भ्यालो नाही.

माझ्याकडं न पाहता तो म्हणाला, "तेरा वर्सं मी त्या बाईले शिव्या देल्या. तोंडावर देल्या. थे आयकून घे अन् माह्या पायाले जवसाचं तेल लावत राहे. आता त्या शिव्या मी वापस कशा घेऊ, सांग."

तेलाचं मला ठाऊकच नव्हतं. मी खाली बसायला गेलो तर त्यानं हातानं थांबवलं. आज नको, म्हणाला. आज तुझं तोंड पाहवत नाही. बाईचा दिवस दुसऱ्या रविवारचा आहे, यायचं असेल तर त्या दिवशी ये.

उद्या दुसरा रविवार. बाजारातून जवसाचं तेल आणलं आहे. वरून शांत बसलो असलो तरी मला जायची भीती वाटते, आणि ती काही कमी होत नाही. त्या दिवशी निघताना गिरजा माझ्यामागं कुंपणापर्यंत आली होती. तिनं एकच सांगितलं. तेराही वर्षं, दर खेपेला बाई दारात चपला काढायच्या आणि लगेच आत यायच्या नाहीत. चौकटीला हात लावून, तोंडातल्या तोंडात काही न बोलता, नुसत्या उभ्या राहायच्या. मी आतून 'या' म्हटलं तरी हलायच्या नाहीत, ती म्हणाली. श्वास जागेवर आला की मग यायच्या...