आवाज बंद करून मॅच पाहणारा

अकोल्यात आमच्या चहाच्या टपरीवर एक जण येते, नाव मी कधी विचारलंच नाही. मॅच लागली का तो पहिले टीव्हीचा आवाज बंद करते. लोक जाम चिडतात! तो म्हणते, "दुसऱ्याची कॉमेंट्री कानात गेली का माह्या लेखात उतरते ना भाऊ." तो मोबाइलवरच एका स्पोर्ट्स वेबसाइटसाठी लिहिते. एका लेखाचे पैसे म्हणजे एक प्लेट नाश्ता, बस!

काल फायनलचा लेख त्यानं आमच्यासमोर लिहिला, पण पाठवलाच नाही! वेबसाइटवाल्याचा फोन आला, यानं स्पीकरवर टाकला.

"लेख कुठाय?"

"तयार आहे. रेट वाढवा, लगेच पाठवतो."

"अहो, तुमचं नाव छापतो ना आम्ही!"

"नाव दाखवून इथं चहा भेटत नाही साहेब."

फोन कटला. मले वाटलं, गेलं याचं काम! तो मात्र तो लेख आमालेच वाचून दाखवू लागला. रोज चिडणारे सारे गप ऐकून राहिले होते. मधातच त्याच साहेबाचा फोन पुन्हा वाजला. यानं त्याचाही आवाज बंद केला.

"थांबू द्या त्यायले," तो म्हणाला. "शेवटची ओव्हर राहिली अजून."