रांगेच्या शेपटाकडचा माणूस

अख्खी सेना हाताशी असलेल्या राजाचं राज्य एका आठवड्यात का पडतं, तुम्ही काय उत्तर द्याल?

मला हा प्रश्न एकोणीसशे साठच्या सुमारास कुवेतमध्ये एका भंडाऱ्याने विचारला. कोकणात बोटीवरच्या स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात. हे रत्नागिरीकडचे, साठी उलटलेले, समुद्र सोडून फरवानियाजवळच्या आमच्या कामगार कॅम्पात मेस चालवणारे. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. मी कंत्राटदाराच्या ऑफिसात टायपिस्ट होतो आणि खिशात कायम एखादं पत्रक असे. राजा म्हणजे रशियाचा झार, आणि तिथली क्रांती मला मुद्द्यांसकट पाठ होती. जमिनीची भूक, गिरण्यांतले हाल, लढाईतले पराभव, राजाचा जुलूम, असं मी धडाधड म्हणून दाखवलं.

"सगळा खरा, कागदवाले," ते परातीतलं पीठ मळत म्हणाले. "पन ह्या तर वर्सानुवर्सा होता. मग त्याच आठवड्यात कशाला?"

माझ्या पत्रकात याचं उत्तर नव्हतं. त्यांच्याकडे होतं.

पहिल्या महायुद्धात ते बोटीवर खलाशी होते. उत्तरेच्या एका रशियन बंदरात बोट बर्फात अडकली आणि हिवाळाभर तिथेच राहिली. धक्क्यावर कोळशाचे, पेट्यांचे डोंगर पडले होते. न्यायला गाड्या नव्हत्या. गाड्या लढाईवर, घोडे लढाईवर, शेतातले पुरुष लढाईवर. राजाही राजधानी सोडून सेनेत जाऊन बसलेला, म्हणजे यापुढची प्रत्येक हार त्याच्याच नावावर. आणि गावात पावासाठी बायकांची रांग.

"सभेला बंदी होती," चाचा सांगत. "रांगेला बंदी कोण घालनार? रोज त्याच बाया, त्याच जागी, तासन्‌तास. काय बोलत असतील? राजधानीत पन तसाच. मग शिपायांना सांगितला, गोळी घाला. शिपाई ते शेतकऱ्यांचेच पोरगे. त्यांना रांगेत आपली आई दिसली."

मग ते ठरलेलं वाक्य म्हणत, "राज्य रांगेच्या शेपटाकडून पडता."

म्हणूनच असेल, शुक्रवारी ते वाढायला शेपटाकडून सुरुवात करायचे. पुढचे ओरडायचे, "चाचा, आम्ही काय पाप केलं?" ते म्हणायचे, "पाप नाय, पयला नंबर केलात."

त्या उन्हाळ्यात कंत्राटदाराने दोन मेसची एक मेस केली. रांग दुप्पट झाली आणि उन्हात गेली. मागच्यांना नुसती आमटी उरायची. रंधा मारणारा एक सुतार चक्कर येऊन पडला. मी पेटलो. हाताने लिहून ऑफिसच्या प्रती काढायच्या यंत्रावर पत्रक काढलं. मथळा होता, 'राजाचं राज्य का पडलं'. खाली रशियाची कारणं आणि शेवटी आमची रांग. चाचांचं बोलणं, माझी भाषा, नाव कोणाचंच नाही.

पत्रक देवनागरीत होतं. आमच्या कॅम्पातले बहुतेक कोकणी मुसलमान, मदरशात उर्दू शिकलेले. घरात मराठी बोलणाऱ्या त्या माणसांना मराठी वाचता येत नव्हतं. पत्रकांवर वाढलेल्या मला हे एकदाही सुचलं नाही. त्यांनी कागद दोन्ही लिप्या येणाऱ्या एकाच माणसाकडे नेले. चाचांनी चष्मा लावला आणि वाढपाच्या टेबलामागे उभं राहून मोठ्याने वाचलं.

कंत्राटदाराचा मॅनेजर आला तेव्हा वाचन चालूच होतं. शेखांच्या मुलखात राजा पडल्याचा कागद. त्याने विचारलं, "किसने लिखा?"

मी रांगेत चौथा होतो. जेमतेम पाच हातांवर.

"पढ़ मैं रहा हूँ साब," चाचा म्हणाले, "तो और किसका होगा?" आणि पहिल्या ताटात आमटी ओतून आम्हाला म्हणाले, "पुढं सरका."

मी पुढे सरकलो.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या पासपोर्टवर देश सोडण्याचा शिक्का बसला. त्या वयात त्यांना दुसरा कोणी कामावर घेणार नव्हता, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. ट्रंक ट्रकवर चढवताना मी म्हणालो, "चाचा, मी आत्ता जाऊन सांगतो."

"सांगायचा तर तवाच सांगायचा होता," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "तुझा एक मुद्दा चुकला. राजा जुलमी होता, ह्या खरा. पन त्याच्या भोवतालच्या शहाण्यांना सगळा दिसत होता आनि कोन तोंड उघडत नव्हता. ता कारन लिही."

ट्रक गेल्यावरही मी ऑफिसात गेलो नाही. म्हणजे टाइप करायला गेलो, सांगायला नाही.

महिन्याभरात मेस पुन्हा दोन झाल्या. पत्रकाचा विजय झाला असं एकजण म्हणाला. नवा स्वयंपाकी पुढूनच वाढायचा. दुसऱ्या पावसाळ्यात गावाहून आलेल्या कोणीतरी सांगितलं की चाचा गेले. शेवटी शेवटी मशिदीच्या पायरीवर बसून लोकांची पत्रं वाचून द्यायचे.

ते पत्रक मी लिहिलं होतं. आता तुमच्याकडे एक मागणं आहे. हे ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा, पण पहिल्या ओळीआधी सांगा, की हे वाचणाऱ्याचं नाही, लिहिणारा दुसरा आहे आणि तो रांगेत गप्प उभा होता.