पॅसेजमध्ये बसणारा नवरा

औषधांच्या दुकानावर एक लांबट खोली आहे. तिथे बाई चौदा वर्षं मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवतात. वेळ संध्याकाळी साडेपाच ते सात. बाक लहान मुलांच्या मापाचे असल्यामुळे सगळ्यांचे गुडघे बाहेर येतात. शिंपी येतो तेव्हा त्याच्या शर्टाला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले असतात. वसतिगृहाची स्वयंपाकीण पेंगते. बँकेबाहेरचा वॉचमन बसल्यावरही दाराकडे बघत राहतो, सवय.

पुस्तकातला बारावा धडा सणाचा. तोंडी परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न येतो: सणाच्या दिवशी तुमच्या घरी काय करतात? पहिल्याच वर्षी बाईंनी फळ्यावर सात इंग्रजी वाक्यांचा नमुना लिहून दिला: आम्ही अकराजण जेवायला असतो. खोली लहान आहे. म्हणून आम्ही टेबल तिरकं लावतो. टेबलाचं एक टोक दाराबाहेर जातं. माझा नवरा पॅसेजमध्ये बसतो. येणारे-जाणारे त्याला हसतात. तोही हसतो.

ते सगळं बाईंच्या घरचं, खरं होतं. नवरा जाऊन आता सहा वर्षं झाली. टेबल नणंदेकडे गेलं, मुलगा लांबच्या शहरात नोकरीला लागला, बाकीचे आपापल्या दारांआड गेले. नमुना मात्र फळ्यावर येत राहिला. नवरा गेला त्या वर्षी हा धडा घेताना आपल्याला काहीतरी होईल, असं बाईंना वाटलं होतं. झालं नाही. त्यांनी सात वाक्यं लिहिली, वर्गाकडून म्हणून घेतली, डस्टरनं पुसली आणि हात धुतले.

या वर्षी परीक्षक बदलला. निकालाऐवजी पत्र आलं. वर्गाचे व्यवस्थापक ते हातात धरून जिना चढून वर आले, आणि त्यांना दम लागला होता.

"बाई, तुमच्या नऊच्या नऊजणांचे निकाल अडकलेत. सगळ्यांनी एकच उत्तर दिलंय."

"दरवर्षीच देतात."

"दरवर्षीचा परीक्षक झोपाळू होता. हा जागा आहे. लिहितो, या गावात सणाच्या दिवशी सगळे नवरे पॅसेजमध्ये बसतात का? आणि या वॉचमनचं तर लग्नही झालेलं नाही. त्यानंही नवरा बसवलाय."

वॉचमन मागच्या बाकावरून म्हणाला, "फळ्यावर होतं तसं म्हटलं. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही."

शिंपी हसला. बाकीचे हसले नाहीत, कारण परीक्षा पुन्हा द्यायची होती. आठजणांची हरकत नव्हती. सहा महिन्यांनी दिली तरी चालणार होती. प्रश्न नववीचा, मावशीचा होता.

मावशी सरकारी दवाखान्यात आया. अकरा वर्षं हंगामी. या महिनाअखेरपर्यंत इंग्रजीचा दाखला दिला तर ती कायम होणार, नाहीतर तिची जागा कंत्राटदाराच्या माणसाला जाणार. तिच्या घरी आंधळी सासू आणि ती, दोघीच. व्यवस्थापकांनी खटपट करून एकटीसाठी सोमवारची वेळ मागून घेतली.

शुक्रवारी वर्ग सुटल्यावर बाईंनी तिला थांबवून घेतलं.

"आता आपलं आपण सांगायचं. सणाला तुम्ही काय करता?"

"काही नाही."

"काहीतरी करत असाल."

"ड्यूटी करते. हंगामीतल्या ज्यांची माणसं आहेत त्या सुट्ट्या मागतात. मग त्यांचीही पाळी मीच घेते."

"एवढ्यानं भागणार नाही. पाच-सहा वाक्यं तरी लागतात."

मावशी बोटं चोळत बसली. दिवसभर पाण्यात असल्यामुळे ती पांढरी पडली होती. मग ती खाली बघून बोलायला लागली. म्हाताऱ्या बायकांचा वॉर्ड. सणाला चार वाजता भेटणारे येतात. एखादीकडे कोणीच येत नाही. ती भिंतीकडे तोंड करून पडते.

"मग मी एप्रन काढते, खुंटीला लावते. वॉर्डाबाहेर जाते. पिशवी घेते आणि भेटायला आल्यासारखी परत आत येते. बसते तिच्यापाशी."

"तिला कळत नाही?"

"न कळायला काय झालं? रोज मीच अंग पुसते तिचं. एक तर म्हणाली, किती उशीर केलास."

बाईंनी खडू उचलला आणि परत ठेवला.

"फळ्यावर नको. पुढच्या वर्षी दहाजण एप्रन काढतील. तोंडानंच म्हणू."

"पण हे सणाचं म्हणून चालेल का?"

"दरवर्षी करता ना?"

"नऊ वर्षं झाली."

"मग चालेल."

"आणि दवाखान्यात कळलं तर? ड्यूटीवर एप्रन काढायला बंदी आहे. कायम करायच्या ऐवजी घरी बसवतील."

"परीक्षक दवाखान्यातला नाही," एवढंच बाई म्हणाल्या. ते खरं असावं असं त्यांना वाटलं. मग दोघींनी मिळून सहा लहान वाक्यं केली. मावशी ती पुन्हापुन्हा म्हणू लागली तेव्हा बाईंनी तिला अडवलं. पाठ करू नका, म्हणाल्या. मावशीला ते काही पटलं नाही.

सोमवारी अकराला बाई परीक्षेच्या कचेरीबाहेरच्या बाकावर बसल्या. आतून आवाज येत नव्हता. समोरच्या भिंतीवरचा रंग एका जागी फुगला होता, तिकडे त्या बघत राहिल्या. पंचवीस मिनिटांनी मावशी बाहेर आली. हातात शिक्का मारलेला कागद होता.

"झालं?"

"झालं. विचारलं त्यांनी."

"एप्रनचं सांगितलंत?"

"सांगितलं. पेन खाली ठेवलं त्यांनी. किती वेळ बसता, म्हणाले. दहा मिनिटं, म्हटलं." ती जवळ सरकली. "खोटं बोलले. अर्धा तास बसते."

बाईंनी कागद वाचला. पास. खाली शेरा होता: भाषा कच्ची, बोलणं स्वतःचं. त्यांनी कागद परत दिला. मावशीनं त्याची घडी घातली, उलगडून एकदा बघितलं आणि पुन्हा घातली.

"आता कायम," बाई म्हणाल्या.

"हो. पण कायमवाल्यांना सणाला ड्यूटी देत नाहीत. सुट्टी घ्यावीच लागते. पाळीची अदलाबदलही चालत नाही, तसा नियम आहे." तिनं कागद पोलक्यात सारला. "पुढच्या सणाला मी घरी असेन. सासू दुपारभर झोपलेली असते. बाई, घरी बसून करायचं काय असतं त्या दिवशी?"

बाईंनी विचार केला. खरोखर केला, चौदा वर्षं त्यांनी हेच शिकवलं होतं.

"मला नाही सांगता यायचं," त्या म्हणाल्या.

मावशीनं मान हलवली. तिला राग आला नव्हता. त्या दिवशी दोनची ड्यूटी होती, आणि वाटेत सासूला जेवायला वाढायचं होतं. कचेरीच्या जिन्याच्या कठड्याला धरून ती एकेक पायरी उतरत गेली.