दादारावकाकांची तिसरी टेस्ट

इथे सातासमुद्रापार, पिस्कॅटवेत मी ज्यांच्या बेसमेंटमध्ये राहते, ते दादारावकाका नागपूरला कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. जुने रोमन म्हणजे त्यांचा जीव की प्राण. आपल्या हातात आहे ते नीट करायचं, बाकीच्याची चिंता सोडायची, हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत. रोज संध्याकाळी चहा घेताना ते रोमन पद्धतीने स्वतःची झडती घेतात, तीही मोठ्याने: "आज विवेक कुठे सुटला? प्रॅक्टिसमध्ये हॉर्न, नऊ वेळा."

हॉर्ननेच तर घात केला होता! ड्रायव्हिंग टेस्टमध्ये दोनदा नापास. वळण आलं, पॉं! सायकलवाला दिसला, पॉं! परीक्षक बाई दचकून म्हणाल्या, "का वाजवताय?" तर हे म्हणे, "मी येतोय हे त्याला कळायला नको?" गाडी माझी, मी कडेला उभी राहून कपाळ बडवत होते.

काका मात्र ढिम्म. "पास करणं त्यांच्या हातात, वल्लरी. मला काही फरक पडत नाही."

तुम्हाला नसेल पडत हो! रविवारी माझी घरून कामाची शिफ्ट, म्हणून शीलाकाकूंना दर रविवारी विहारात जायला कुणाकुणाला फोन करून राइड मागावी लागायची. दोन वर्षं! मागच्या रविवारी त्यांनी फोन केलाच नाही. "लाज वाटते गं आता," म्हणाल्या आणि घरी बसल्या. असा संताप आला मला काकांचा!

गुरुवारी तिसरी टेस्ट. काकू आणि मी कडेला उभ्या. काका परत येताना शेवटच्या वळणावर बारा गीज, बदकांचे थोराड भाऊबंद, वरातीसारखे रस्ता ओलांडायला निघाले. मागच्या गाड्या कोकलायला लागल्या. काकांचा हात हॉर्नकडे गेला आणि मी डोळे गच्च मिटले.

काही वाजलंच नाही. पाहते तर हात परत स्टिअरिंगवर!

काका शांतपणे उतरले. "पास," म्हणाले. मग दोन सेकंदांनी "अगं, पास झालो!" अशी आरोळी ठोकून पार्किंगमध्ये नाचायलाच लागले. काकूंना गरकन फिरवलं, एका अनोळखी माणसाला मिठी मारली. तोही बिचारा हसत सुटला.

"काका, तुम्हाला फरक पडत नव्हता ना?"

"थापा गं! शुद्ध थापा!" काका डोळे पुसत म्हणाले. "रविवारी हिला मी नेणार!"

"मला काय ठाऊक नव्हतं?" काकू म्हणाल्या. "दोन वर्षं झोपेत माझ्या पायावर ब्रेक मारताय."