मॅडमनी स्वतःविरुद्ध दिलेली साक्ष

डॉ. सुनंदा गजभिये मॅडमची आणि माझी पहिली भेट म्हणजे बोलणी खाणंच. दिल्लीतल्या त्यांच्या प्रयोगशाळेत संशोधक विद्यार्थिनी म्हणून रुजू झाले, तेव्हा माझ्या हातात बिस्किटाचा पुडा होता. "अच्छा, वाचता येतं ना?" असं म्हणून त्यांनी दारावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. 'आत खाद्यपदार्थ आणू नयेत.' अक्षर त्यांचंच. मूळच्या नागपूरच्या, पण दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेल्या मॅडमना मोठे प्राध्यापकही वचकून असत.

आमचं काम प्रकाश देणाऱ्या पॉलिमरचं. काचेवर त्याचा केसाहून कितीतरी पातळ थर द्यायचा, ओव्हनमध्ये सुकवायचा; वीज जोडली की तो हिरवा उजळतो. माझे थर उजळत आणि काही मिनिटांत काळ्या डागांनी भरून जात. वर्षभर हेच चाललं. शेवटी माझी शिष्यवृत्ती बंद करावी का, हे ठरवायला समितीची बैठक लागली. फरीदाबादच्या घरी मी तोंड लपवून रडले.

बैठकीआधी दोन दिवस मी मॅडमना वही दाखवली. फक्त एका पंधरवड्यातले थर तासन्‌तास टिकले होते. मॅडमनी तारखा पाहिल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या पंधरवड्यात त्या रजेवर होत्या. मला काहीच उमगलं नाही.

बैठकीत त्या उभ्या राहिल्या. "इसकी कोई गलती नहीं है. दोपहर में सब कैंटीन जाते थे, तब मैं उसी ओवन में अपना टिफ़िन गरम करती थी. तेल की भाप इसकी पतली फ़िल्म पर बैठती रही. कल मैंने जाँच कर ली है."

मी हादरले. पाटी लिहिणाऱ्या मॅडम? बरं, डबाही साधासुधा नाही, तेल तरंगणाऱ्या नागपुरी तर्रीचा! अध्यक्ष गडबडले. "छोड़िए मॅडम, ये मीटिंग के मिनट्स में नहीं लिखेंगे."

"बिल्कुल लिखिए. मेरे नाम के साथ."

माझी शिष्यवृत्ती वाचली. त्यांनाच मिळणार असं सगळे धरून चालले होते, ते विभागप्रमुखपद मात्र दुसऱ्याकडे गेलं. बाहेर आल्यावर मी पाया पडायला वाकले, तर त्या चिडल्याच. "नाटकं नकोत. वर्ष वाया घालवलंय मी तुझं. चल, कामाला लाग."

आजही हे लिहिताना माझा विश्वास बसत नाही. आता माझ्या हाताखाली विद्यार्थी आहेत. गेल्या महिन्यात एका मुलीचे नमुने माझ्या चुकीने बिघडले आणि दोन दिवस मी गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी कबूल केलं, तेही तिचे डोळे भरलेले पाहून.

मॅडम, आज साठी पूर्ण झाली म्हणून माझ्यापासून सुटका नाही. ठणठणीत राहा, खूप जगा. माझे ते दोन दिवस अजून कमी व्हायचे आहेत.