पर्समध्ये मावणारा कॅमेरा

माझ्याकडे रोलचा एक मोठा कॅमेरा होता, पण तो बहुतेक वेळ कपाटातच असायचा. सणसवाडीतल्या कंपनीत जाताना खांद्याला डबा, छत्री, पाण्याची बाटली असताना ते दगडासारखं ओझं कोण घेणार? शेवटी तो घेऊन मी शिरूरच्या जुन्या फोटो स्टुडिओत गेले. तिथल्या मालकांना सगळे मामाच म्हणतात. "मामा, हा ठेवून घ्या आणि रोज बरोबर नेता येईल असा लहान द्या," म्हटलं.

मामांनी खालचा ड्रॉवर ओढला. डिजिटल आल्यावर लोकांनी आणून टाकलेले दहा-बारा छोटे कॅमेरे त्यात पडले होते. कुणाच्या झाकणातला उजेड अडवणारा फोम चिकट झालेला, कुणाचा सेल आता मिळत नाही. चालू निघाले दोनच. एक झूमवाला, दुसरा साधा, काळ्या प्लास्टिकचा. पुढचं झाकण सरकवलं की सुरू होणारा.

"ताई, हातात धरून काय कळत न्हाई," मामा म्हणाले. "एकेक आठवडा वापरा. जो घरी राहील तो परत आणा."

पहिला आठवडा मी झूमवाला नेला. लांबचं जवळ येतं, म्हणून मनातून तोच आवडला होता. रविवारी राहू गावी माहेरी गेले तेव्हा आप्पा शेवंतीच्या वाफ्यात वाकलेले होते. मी बटण दाबलं आणि लेन्स घर्रर्र करत बाहेर आली. आप्पा लगेच ताठ उभे राहिले, टोपी नीट केली, हात पायजम्याच्या शिवणीला लावले. पासपोर्टचा फोटो काढावा तसा चेहरा. माझ्या वडिलांचे सगळे फोटो असेच आहेत.

दुसऱ्या आठवड्यात काळा कॅमेरा पर्समध्ये डब्याशेजारी ठेवला आणि विसरले. कंपनीच्या गेटवर मोबाईलच्या कॅमेऱ्याला स्टिकर लावतात; तिथल्या काकांनी तो उलटासुलटा करून पाहिला. "मॅडम, ह्याला स्टिकर कुठं लावू?" असं विचारून हसतहसत लॉकरमध्ये ठेवला. मग रोज तसंच चालू झालं.

त्या रविवारी आप्पांनी मला कॅमेऱ्यासकट पाहिलं, पण आवाज नव्हता म्हणून काम सोडलं नाही.

"ह्याच्यात लगीच दिसत न्हाई व्हय?" त्यांनी विचारलं.

"नाही, आप्पा. रोल धुवायला पाठवायचा, मग दिसतं."

"मंग काढ. फोनात तू लगीच दाखवतीस, आन् मला म्हातारं झाल्यागत वाटतं."

एकदा फ्लॅश बंद करायचं माझ्या लक्षात राहिलं नाही. लख्ख उजेड पडला तशी दावणीची गाय दचकली. आप्पांनी आधी तिच्या पाठीवर हात फिरवला, मग मला रागावले आणि मग स्वतःच मोठ्यानं हसले. मी घाईनं आणखी एकदा बटण दाबलं.

रोल पुण्याहून धुऊन यायला दोन आठवडे गेले. मामांनी फोटो काउंटरवर पसरले. काही काळपट होते, एकात माझं बोट होतं. पण हसणारे आप्पा नेमके आले होते, एक हात गाईवर ठेवलेले. मामा त्या फोटोकडे बघत राहिले आणि मी परत आणलेला झूमवाला त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकला.

पुढच्या रविवारी फोटो घेऊन राहूला गेले. आप्पा आपला फोटो बघून नुसतं "हं" म्हणाले. त्यांनी बाजूला काढला तो वेगळाच: डोक्याला पदर गुंडाळून फुलं तोडायला निघालेली आई, पाठमोरी, वाफ्यांच्या मधून चाललेली.

"ह्याला फ्रेम कर," ते म्हणाले.

"आवं, तोंड तरी दिसतंय का त्यात माझं?" आई चुलीपुढून म्हणाली.

"मला दिसतंय की," आप्पा म्हणाले आणि भिंतीवर खिळा कुठं मारायचा ते बघायला उठले.